मैदानाच्या कडेचा माणूस

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत क्रीडाविभागाचा अहवाल न चुकता छापून येतो. कोणत्या संघाने कोठवर मजल मारली, कोणाला विद्यापीठाच्या संघात स्थान मिळाले, कोणी पदक आणले, हे सारे त्यात असते. सामना चालू असताना मैदानाच्या कडेला किती माणसे उभी होती, हे मात्र त्यात कधी वाचायला मिळत नाही. खेळणाऱ्याची नोंद ठेवण्याची आपल्याला सवय आहे. पाहणाऱ्याची कोणी ठेवत नाही. वस्तुतः खेळाचे आयुष्य बरेचसे या पाहणाऱ्यावर अवलंबून असते. जन्मभर एखाद्या खेळावर जीव टाकलेली माणसे आज ठिकठिकाणी मैदानाकडे पाठ फिरवताना दिसतात. ती का उठून गेली, आणि त्यात आपल्यासारख्यांनी विचार करण्याजोगे काही आहे काय, एवढाच या लेखाचा विषय आहे.

उदाहरणासाठी मी फुटबॉल घेतो आहे. पांढरकवड्यात बसून फुटबॉलवर लिहिणे काहींना विचित्र वाटेल. आपल्याकडे राज्य क्रिकेटचे, आणि मातीतल्या खेळांत कबड्डीचे. पण फुटबॉल आता आपल्याला परका राहिलेला नाही. युरोपातला सामना मोबाइलवर पाहण्यासाठी मध्यरात्रीपर्यंत जागणारे आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला डुलक्या घेणारे मित्र आपल्यातही आहेत. प्राध्यापक मंडळींना ते ठाऊकही असावेत. शिवाय जगात सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग या खेळाचा आहे. तेव्हा खेळ आणि प्रेक्षक यांच्यात जे बिनसले आहे, ते येथे अधिक ठळक दिसते.

जुन्या शौकिनांची तक्रार काय आहे? ‘पूर्वीची मजा आता राहिली नाही,’ एवढेच ते बहुधा म्हणतात. आपण तरुण मंडळी हे ऐकून हसतो आणि वयाचा दोष म्हणून सोडून देतो. म्हाताऱ्यांना पूर्वीचे गाणे गोड वाटते, पूर्वीचा पाऊस वेळेवर पडत असे, तसाच पूर्वीचा फुटबॉल. यात थोडे तथ्य आहेच. परंतु सारा प्रकार वयावर ढकलून चालणार नाही. खेळाचा दर्जा घसरला म्हणून ही माणसे दूर गेली, असे म्हणावे तर आजचे खेळाडू पूर्वीच्यांपेक्षा अधिक वेगवान आणि अधिक तंदुरुस्त आहेत, मैदाने चांगली आहेत, प्रशिक्षण शास्त्रशुद्ध आहे. खेळ सुधारला आणि तरीही शौकीन दुरावला, हे कसे?

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आहेत. मूळचे याच भागातले. नोकरीची उमेदीची वर्षे मुंबईत काढली आणि तेथे कूपरेज मैदानावरचे सामने पाहण्याचा त्यांना नाद लागला. आता घरी मोठा दूरदर्शन संच आहे, नातू सामना लावून देतो; पण काका अर्ध्यावर उठून जातात. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “तवा बदली खेळाडूचंबी नाव आमाले पाठ राहे. आता दरसाली नवेच पोट्टे येतेत. जीव लावाव त कोनावर लावाव?” मला वाटते, साऱ्या प्रश्नाचे मर्म या बोलण्यात आहे. काका खेळाच्या दर्जाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांचे दुखणे नात्याचे आहे.

हे नाते पूर्वी कसे जुळत असे, हे मुंबईच्या इतिहासावरून कळते. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. आरंभी ती गोऱ्या पलटणींची मिरास होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती जिंकली आणि प्रथमच हा चषक हिंदी संघाच्या हाती आला. परक्या राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात हरवण्याचे ते सुख प्रेक्षकाचेही होते. पुढे स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हा चषक नेला. मुंबईचे स्वतःचे संघही होते. टाटांचा संघ होता, मफतलाल आणि ओर्के मिल्स यांचे संघ होते, रेल्वेचे आणि पोलिसांचे होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा आणि भारताला चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचवणारा नेव्हिल डिसूझा हा याच मुंबईच्या मैदानांवर वाढला. खेळाडू ज्या कचेरीत किंवा कारखान्यात नोकरी करी, तेथलाच कारकून आणि कामगार संध्याकाळी त्याचा खेळ पाहायला जाई. आपल्या खात्यातला माणूस मैदानात उतरला आहे, ही भावनाच वेगळी होती.

ही व्यवस्था हळूहळू मोडली. रोव्हर्स चषक २०००-०१ नंतर बंद पडला. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला होता. २०१० साली त्याच्या मालकांनी तो विसर्जित केला. चार वर्षांपूर्वी देशात पहिला आलेला संघ एका निर्णयाने नाहीसा झाला. त्याच्यामागे वर्षानुवर्षे उन्हातान्हात बसणाऱ्या माणसाला या निर्णयात कोणते स्थान होते? कोणतेच नाही.

गोव्याचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे फुटबॉल हा गावोगावचा खेळ. डेम्पो क्लबने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंत पाच वेळा देशाचे अजिंक्यपद मिळवले. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स हेही राष्ट्रीय विजेते झाले. मग २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यातले संघ मालकांनी पैसे भरून मिळवलेले होते. खालच्या श्रेणीतून जिंकत जिंकत वर येण्याची वाट तिच्यात सुरुवातीची कित्येक वर्षे नव्हतीच. गुणवत्तेवर वर चढलेला पहिला संघ, पंजाब एफसी, २०२३ साली दिसला. या नव्या लीगला देशातील सर्वोच्च स्थान देण्याची योजना पुढे आली, तेव्हा २०१६ साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबांनी निषेध म्हणून आय-लीगमधून अंग काढून घेतले. गोव्याला नव्या लीगमध्ये संघ होताच, आणि त्याच्यावर प्रेम करणारे तरुणही आहेत. पण ज्याने वडिलांचे बोट धरून डेम्पो-साळगावकरांचे सामने पाहिले, त्याला ‘हा जुना संघ ठेव आणि हा नवा घे’ असे सांगून कसे चालेल? डेम्पो २०२४-२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परत आला खरा. पण मध्ये जी आठ वर्षे गेली ती परत यायची नाहीत.

पुण्याची कथा तर आपल्या रस्त्यावरूनच गेली म्हणायची. सुपर लीगमध्ये २०१४ साली पुण्याचा एक संघ होता. २०१९ मध्ये तो गुंडाळला गेला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ उभा राहिला. हैदराबादचा संघ २०२१-२२ मध्ये विजेताही झाला. २०२५ मध्ये त्याचेही बिऱ्हाड उचलले, नाव बदलले आणि तो दिल्लीचा झाला. हैदराबादहून दिल्लीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पांढरकवड्यावरूनच जातो. या रस्त्याने रोज शेकडो मालमोटारी एका शहरातला माल दुसऱ्या शहरात नेऊन टाकतात. संघही तसाच नेऊन टाकता येत असेल, तर मग त्या संघाचे शौकीन कोणाचे? त्यांना काही मालमोटारीत भरून नेता येत नाही. ते मागेच राहतात.

परदेशातही हेच, फक्त आकडे मोठे. इंग्लंडमध्ये १९९२ साली प्रीमियर लीग निघाली आणि दूरचित्रवाणीच्या पैशाचा ओघ सुरू झाला. २०१७ साली नेमार या एका खेळाडूसाठी पॅरिसच्या क्लबने २२ कोटी २० लाख युरो मोजले. विश्वचषकातील संघ २०२६ च्या स्पर्धेपासून ३२ वरून ४८ करण्यात आले. त्याबरोबर सामने ६४ वरून १०४ झाले. सामने वाढले की जाहिराती वाढतात, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. २०१८ च्या विश्वचषकापासून व्हिडिओ पाहून निर्णय देण्याची पद्धत आली. तिच्यामुळे काही चुका टळतात, हे कबूल केले पाहिजे. पण गोल झाला की हजारो माणसे एकदम उसळत, त्या उसळण्यात आता शंका शिरली आहे. पंच पडद्यावर काय पाहतो याची वाट पाहत आनंद रोखून धरायचा, हे रसिकाला कसे जमावे?

येथवर वाचून कोणी म्हणेल की पूर्वी सारे सोन्याचे होते, असे लेखकाचे मत दिसते. तसे मुळीच नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसे प्राणास मुकली. ज्या निष्ठेचे आपण कौतुक करतो, तिचेच हे दुसरे तोंड. खेळाडूची स्थितीही हेवा करण्याजोगी नव्हती. युरोपात १९९५ च्या बोस्मन निकालापर्यंत कराराची मुदत संपल्यावरही क्लब त्याच्या बदलीची किंमत मागू शकत असे, म्हणजे माणूस जवळजवळ वेठीलाच बांधलेला. आपल्या काकांना दरसाल नवे चेहरे दिसतात, त्याचे एक कारण हा खेळाडू मोकळा झाला हेही आहे. त्याने पुन्हा बांधून राहावे असे कोणता सहृदय माणूस म्हणेल? आणि आपल्या गावापुरते बोलायचे तर, दूरदर्शनने १९८६ चा विश्वचषक घराघरांत आणला नसता तर आपल्या वडीलधाऱ्यांना मॅराडोना दिसला कसा असता? पैसा आणि तंत्र यांनी खेळाला जे दिले, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

तेव्हा माझे म्हणणे मर्यादित आहे. पैसा आला म्हणून शौकीन दुरावला, असे मी म्हणत नाही. पैसा येताना प्रेक्षकाची जागा बदलली, म्हणून तो दुरावला. पूर्वी तो खेळाच्या घरातला माणूस होता. आता तो गिऱ्हाईक आहे. गिऱ्हाइकाला चांगला माल मिळतो, सोयी मिळतात. पण दुकान कोठे न्यावे, पाटी कोणती लावावी, हे त्याला कोणी विचारत नाही. आपल्या भागातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कापूस त्याच्या रानात पिकतो आणि भाव दूर कोठेतरी ठरतो.

ज्या ठिकाणी प्रेक्षकाची जागा बदलली नाही, तेथे काय घडते? त्यासाठी कोल्हापूरकडे पाहावे. तेथील संघांची नावेच पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमी आणि पेठांची मंडळे यांच्या आश्रयाने तेथे फुटबॉल वाढला. शाहू स्टेडियमवर हंगामात स्थानिक सामन्यांना जी गर्दी लोटते, तशी गर्दी मोठ्या शहरांतील श्रीमंत संघांना जाहिराती करूनही मिळत नाही. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. विश्वचषक आला की कोल्हापूरच्या चौकाचौकांत अर्जेंटिना आणि ब्राझीलचे फलक झळकतात; पण म्हणून पेठेचा संघ कोणी विसरत नाही. जग पाहावे आणि घरही सांभाळावे, हे तेथे साधले आहे. अर्थात कोल्हापूरच्या मैदानालाही हुल्लडबाजीचा शाप आहेच. पेठेचा अभिमान हातघाईवर येतो तेव्हा शांतपणे खेळ पाहू इच्छिणारा जुना शौकीन तेथूनही घरी जातो. म्हणजे शौकिनाला घालवून देण्याचे काम मालकच करतो असे नाही. कधी कधी शेजारी बसलेला प्रेक्षकही ते करतो.

प्रेक्षक हतबल आहे, असेही मानण्याचे कारण नाही. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी आपली वेगळी सुपर लीग काढण्याची घोषणा केली. इंग्लंडमधील समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांतच ती योजना कोसळली. कलकत्त्यात मोहन बागानच्या नावाला २०२० साली दुसऱ्या संघाचे नाव जोडले गेले, तेव्हा समर्थकांनी निषेधाचा सूर सोडला नाही. २०२३ मध्ये ते जोडनाव काढावे लागले. आणि मुंबईतलीच गोष्ट: जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईला पाच गोलांनी हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, पण प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनंती केली. युरोपातील क्लबांच्या चाहत्यांना उद्देशून तो म्हणाला की आमचा दर्जा तेवढा नाही हे खरे. आम्हाला शिव्या द्या, पण मैदानावर या. केनियाविरुद्धच्या पुढच्या सामन्याची सारी तिकिटे संपली. देशाच्या कर्णधाराला हात जोडावे लागावेत, ही शरमेची गोष्ट. पण हाक ऐकून माणसे आली, ही आशेचीही.

आपल्या विदर्भातही आशेला जागा आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतील मुलांना पावसात फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना पाहिले आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलचे काम उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा २०२२ सालचा ‘झुंड’ हा चित्रपट त्याच कामावर आधारलेला आहे, आणि तो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. त्या मुलांजवळ ना बूट होते ना चेंडू. खेळ मात्र त्यांचा होता. एका महाविद्यालयातील शिक्षकाने तो कडेला उभे राहून पाहिला, एवढ्यावरून पुढचे सारे घडले. पाहणाऱ्याचे महत्त्व सांगायला याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आता आपल्याविषयी. युरोपातल्या चार क्लबांचे अकराच्या अकरा खेळाडू आपल्याला तोंडपाठ आहेत. आपल्याच महाविद्यालयाच्या संघातील किती जणांची नावे आपण सांगू शकू? क्रिकेटची गोष्ट वेगळी नाही. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशा तीन वेळा रणजी करंडक जिंकला. यांपैकी दोन अंतिम सामने तर नागपुरातच झाले. त्या संघातली पाच नावे न अडखळता सांगणारा विद्यार्थी शोधावा लागेल. आपण खेळावर प्रेम करतो ते विकत मिळणाऱ्या भागावर. मालक उद्या संघाचे नाव बदलतील, वाहिनी बदलेल, वर्गणीचे पैसे वाढतील आणि तीस वर्षांनी आपणही त्या काकांसारखे अर्ध्यावर उठून जाऊ. फरक एवढाच की काकांजवळ कूपरेजच्या आठवणी तरी आहेत. आपल्याजवळ काय असेल?

म्हणून मोठमोठे ठराव न करता काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. महाविद्यालयाच्या संघाचा सामना असेल तेव्हा सूचनाफलकावर वेळेबरोबर खेळाडूंची नावेही लिहावीत, म्हणजे नाव आणि चेहरा यांची ओळख होईल. प्राध्यापकांनी वर्षातून दोन-तीनदा तरी शेवटचा तास मैदानावर घ्यावा. मुलींच्या संघाचा सामना असेल तेव्हा कडेला तितकीच गर्दी असावी, आणि ती सभ्य असावी. गावातील जुन्या खेळाडूंना आणि शौकिनांना बोलावून पुढच्या रांगेत बसवावे. त्यांनी आपल्या खेळाला नावे ठेवली तरी हरकत नाही. नावे ठेवण्यासाठी का होईना, ते आलेले असतील. आणि क्रीडाविभागाच्या अहवालात पुढच्या वर्षापासून एक ओळ वाढवावी: सामना पाहायला किती जण आले होते.

मोबाइलवरचे सामने सोडा, असे मी सांगणार नाही. मी स्वतःही ते सोडणार नाही. पण त्या सामन्यात आपण ओरडलो काय, गप्प बसलो काय, तेथे कोणाला ऐकू जात नाही. आपल्या मैदानावर मात्र गोलरक्षकाच्या पाठीमागे उभे राहून त्याला नावाने हाक मारली, तर तो मागे वळून पाहतो.